ठोका कमी, खाडा जास्त: भोगावतीकाठच्या एका जुन्या इंजिनाचं प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरायच्या आधी, करवीर तालुक्यातल्या भोगावतीकाठच्या एका गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून एक इंजिन माझ्या शेडवर आलं. शेड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. लेथ, ड्रिल, एक जुनं शेपर आणि दोन माणसं एवढाच माझा पसारा. सोबत आलेला नातू म्हणाला, "काका, पणजोबांचं हाय. विहिरीवर चालायचं, आन् हंगामात ह्याच्यावरच उसाचा चरक फिरायचा. चालू हुईल का बघा."

दोन्ही बाजूंना दोन मोठी फ्लायव्हील म्हणजे जड चाकं, आडवा सिलिंडर, त्याच्यावर उघडं पाण्याचं हौद. पितळी पाटी कुणीतरी केव्हाच काढून नेलेली, चार रिव्हेटांची भोकं तेवढी उरलेली. त्यामुळे कंपनी कोणती, साल कोणतं, हे काहीच हाती नव्हतं. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजला तो साडेपाच इंच, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव नऊ इंच. यावरून साधारण सहा हॉर्सपॉवरचं असावं एवढा अंदाज बांधता आला. वजन पाचशे किलोच्या पुढे.

आमच्याकडचे म्हातारे फिटर अशा इंजिनाला "खाडा मारणारं इंजिन" म्हणतात. इंग्रजी नाव हिट अँड मिस, पण मला खाडा हा शब्दच जास्त नेमका वाटतो. कामावरचा गडी खाडा करतो तसं हे इंजिन मुद्दाम ठोका, म्हणजे सिलिंडरमधला इंधनाचा स्फोट, चुकवतं. वेग ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की फ्लायव्हीलमधली गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, वजनं बाहेर फाकतात, एक खिटी पुढे सरकते आणि धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्याला, पुशरॉडला, अडकवून ठेवते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच राहिला की सिलिंडरमध्ये ओढ तयार होत नाही. इंधन आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला उघडणारा कॅम नसतो, तो फक्त ओढीवर उघडतो, म्हणून तो बंद राहतो आणि इंधन आत येत नाही. इंजिन नुसतं फ्लायव्हीलच्या जोरावर फिरत राहतं, एक्झॉस्टमधून फुस फुस करत. वेग थोडा उतरला की खिटी सुटते, व्हॉल्व्ह बसतो, पुढचा ठोका पडतो आणि पुन्हा खाडे सुरू होतात.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासपर्यंत शेतावरच्या छोट्या इंजिनांत चालली. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अशी इंजिनं मोठ्या संख्येनं झाली. आपल्याकडे पुढे डिझेल इंजिनं आली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली, मग खांबावरून वीज आली, आणि ही इंजिनं गोठ्यात, गुऱ्हाळाच्या मागच्या पडवीत जाऊन बसली. बरीच मोडीत गेली. आमच्या भागात तर फौंड्रीची भट्टी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मोडीत जाणं फार सोपं होतं.

हे इंजिन जाम का झालं याचं कारण गावातच होतं. थंड देशांत या इंजिनांचं हौद तडकतं, कारण हिवाळ्यात पाणी आत गोठतं. कोल्हापुरात तो प्रश्न नाही, हौद अगदी धड होतं. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पडवीत पाणी भरलं. इंजिन थांबलं तेव्हा नेमका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता आणि पाइप वर तोंड करून मोकळा. नदीचा गाळ तिथून थेट सिलिंडरमध्ये उतरला. हेड काढलं तर आत काळपट, घट्ट मातीचा थर, वाळलेल्या शेणासारखा. पिस्टन स्ट्रोकच्या मध्यावर अडकलेला.

त्याआधी नातवानं ट्रॅक्टरला पट्टा लावून फ्लायव्हील ओढायचा प्रयत्न केला होता. पट्टा घसरला हे नशीब. जाम पिस्टनवर ओढ आली असती तर फ्लायव्हीलचा आरा तरी तडकला असता किंवा पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉड तरी वाकला असता. म्हणून सगळ्यात आधी दोन्ही फ्लायव्हीलचे आरे हातोडीनं वाजवून बघितले आणि मग शेजारच्या कारखान्यातून डाय पेनेट्रंट, म्हणजे बारीक भेग दाखवणारा रंग, आणून तपासले. एकही रेघ उमटली नाही. ही तपासणी कुणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं. एकेक फ्लायव्हील सव्वाशे किलोच्या घरातलं आहे. फिरताना आरा सुटला तर समोर कोण उभं आहे हे ते बघत नाही.

पिस्टन काढायला सव्वीस दिवस लागले. गाळ लाकडी चमच्यानं आणि ब्रशनं काढला, लोखंडी काही आत घातलं नाही. मग रॉकेल आणि गिअरबॉक्सचं पातळ लाल तेल निम्मं-निम्मं करून दोन्ही बाजूंनी ओतत राहिलो. हेडच्या स्टडना लांब बोल्ट जोडून त्यावर जाड प्लेट टाकली, प्लेट आणि पिस्टनच्या मध्ये बाभळीचा ठोकळा आणि दहा टनी जॅक. घण मारायचा नाही हे मी पोरांना बजावलं होतं. जॅकला थोडा ताण द्यायचा, बाहेरून सिलिंडर गरम करायचा, आणि सोडून घरी जायचं. सव्विसाव्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर जॅकचा दांडा हाताला सैल लागला. रात्रीतून पिस्टन बोटभर सरकला होता. तिथून पुढे तासाभरात बाहेर.

बोअरमध्ये गंजाचे खड्डे होते, विशेषतः खालच्या अंगाला, जिथं पाणी साचून राहिलं. लायनर, म्हणजे आतून नवी नळी, टाकावा असं दोघांनी सुचवलं. मी नाही टाकला. या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, अंदाजे चारास एक. खड्डे तुटक होते, लांब चर नव्हता, आणि रिंगा रुंद आहेत. नुसतं होनिंग केलं, म्हणजे आतून हलकं घासून घेतलं, आणि मूळ बोअर राखला. हे माझं मत आहे, दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल. पण एकदा लायनर बसवला की पणजोबांनी वापरलेला सिलिंडर उरत नाही, फक्त त्याचं बाहेरचं कवच उरतं.

नव्या रिंगा मात्र कराव्या लागल्या. इथं उद्यमनगरची श्रीमंती कळते. पॅटर्नवाला, फौंड्री, टर्नर, ग्राइंडिंगवाला, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. कास्ट आयर्नची स्लीव्ह ओतून घेतली, टर्न केली, रिंगा कापल्या. बोअरच्या दर इंचाला हजारातले चार भाग या हिशेबानं रिंगेच्या दोन टोकांमधला गॅप ०.५५ मिमी ठेवला. हेडचं गॅस्केट जुनं ॲस्बेस्टॉसचं निघालं. ते ओलं करून, मास्क लावून काढलं आणि त्या जागी ग्रॅफाइट शीट कापून घातली.

ठिणगीचं काम मला सगळ्यात आवडलं. या इंजिनाला प्लग नाही. सिलिंडरच्या आतच दोन टोकं आहेत, ती एकमेकांना टेकतात आणि झटक्यानं सुटतात. सुटताना कॉइलमधला साठा ठिणगी होऊन बाहेर पडतो. यातलं एक टोक बॉडीपासून अलग ठेवावं लागतं आणि ते काम मायकाचे वॉशर करतात. जुने वॉशर चुरा होऊन गेले होते. बाजारात तसे वॉशर मिळाले नाहीत. तेव्हा माझ्या ओळखीचे एक निवृत्त फिटर, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, घरातल्या जुन्या इस्त्रीचं एलिमेंट घेऊन आले. त्यातल्या मायकाच्या पट्ट्या ब्लेडनं सोलून त्यांनी एकावर एक अकरा चकत्या रचल्या, नट हलक्या हातानं आवळला आणि मीटर लावून दाखवला. गळती शून्य. ते वॉशर आजही चालू आहेत.

आता मूळ मुद्दा. बिग एंडची, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाची, व्हाईट मेटल (बेअरिंगचा मऊ धातू) झिजून अंड्यासारखी झाली होती. ती वितळवून नव्यानं ओतायची होती. धातू तापला की त्यात लाकडाची काडी बुडवतात. काडी तपकिरी झाली पाहिजे, पेटता कामा नये. रॉड आधी गरम केला, भोकाच्या जागी धरायच्या दांड्यावर, मँड्रेलवर, दिव्याची काजळी धरली, फटी मातीनं बुजवल्या, आणि एका धारेत ओतलं. ओतकाम सुरेख झालं. मग बोरिंग. तिथं मी घाई केली.

घरच्यांनी खंडेनवमीचा दिवस धरला होता. आमच्या पेठेत त्या दिवशी लेथपासून कानशीपर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लागतं, आणि इंजिन त्याच दिवशी सुरू व्हावं ही त्यांची इच्छा अगदी रास्त होती. आदल्या दिवशी मी रॉड मधल्या दांड्यावर धरून बिग एंड बोअर केला. खरं म्हणजे पिस्टनला रॉड जोडणाऱ्या गजन पिनचं भोक धरून, त्याला समांतर करून बोअर करायला हवा होता. दांडा कच्च्या फोर्जिंगचा, त्याचा पृष्ठभाग सरळ असेलच असं नाही. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी ते केलं.

खंडेनवमीला इंजिन चौथ्या झटक्यात सुरू झालं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, नातवानं व्हिडिओ काढला. गावाकडून त्याची आज्जी आली होती, वय ऐंशीच्या पुढे. खुर्चीवर बसून तिनं पाचएक मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे आमचं इंजिन न्हवं. ह्याला धाप लागलीया."

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. आधी कसं वाजायचं, विचारलं. तिनं हातातली काठी फरशीवर टेकवली. टक. मग ओठांनी बारीक फुस फुस करत राहिली, मान हलवत, बराच वेळ. पुन्हा टक. "असं. मळ्यात भाकरी घेऊन जाताना बांधावरनं ऐकू यायचं. चरक जोडला की मग ठोकं जवळ जवळ पडायचं. पट्टा उतरला की परत लांब." नातवाचा फोन चालूच होता. नंतर मोजलं तर तिच्या दोन टकांमधलं अंतर तीन सेकंदांच्या आसपास भरत होतं. आमचं इंजिन रिकामं फिरताना सेकंदाला एकाहून जास्त ठोके मारत होतं.

पाटी नाही, पुस्तक नाही, मग माप कशावरून घ्यायचं असा प्रश्न मला जूनपासून होता. माप त्या बाईच्या कानात होतं. आणि शास्त्राच्या अंगानंही ते पक्कं आहे. रिकाम्या इंजिनाला ठोका कशासाठी लागतो? घर्षणात गेलेला वेग भरून काढण्यापुरता. घर्षण जितकं कमी तितके खाडे जास्त. म्हणून अशा इंजिनाची तब्येत ठोक्यांवरून कळत नाही, दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या वेळावरून कळते. लोक व्हिडिओत ठोक्याच्या आवाजाला भुलतात. मी स्वतः त्या दिवशी आनंदात होतो आणि माझ्या कानाला धाप ऐकू आली नव्हती.

मामांचा संशय आधी गव्हर्नरवर. खिटीची धार झिजली असेल तर ती लवकर सुटते आणि ठोके जवळ येतात. खिटी काढून बघितली, धार गोल झाली होती खरी. भरून, घासून, टणक करून बसवली. फरक पडला, पण थोडा. मग इनलेटचं स्प्रिंग. ते मऊ पडलं तर खाड्यातसुद्धा व्हॉल्व्ह थरथरतो, थोडं इंधन आत शिरतं आणि पुढच्या ठोक्याला काळा धूर येतो. आमच्याकडे धूर नव्हता. इंधनाची सुई तपासली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि सुई थोडी जास्त उघडावी लागते. ती योग्य होती. (आपल्याकडच्या कारखान्यांत उसापासूनही इथेनॉल निघतं. ज्या इंजिनानं आयुष्यभर ऊस गाळायला मदत केली त्याच्या टाकीत आज उसाचा अंश जातो, याचं मला फार अप्रूप वाटतं.)

मग साधी परीक्षा केली, जी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. मोटरचा पट्टा लावून इंजिन मिनिटाला ४२५ फेऱ्यांपर्यंत नेलं, ठिणगी बंद, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा अडकवलेला. पट्टा उतरवला आणि घड्याळ लावलं. २२ सेकंदांत फ्लायव्हील थांबलं. रॉड क्रँकपासून सोडवला आणि पुन्हा तेच केलं, तर दोन मिनिटं उलटून गेली तरी फिरतच होतं. म्हणजे मेन बेअरिंगं निर्दोष. खाणारा पिस्टनच्या बाजूला होता.

पिस्टन बाहेर काढून उन्हात धरला. स्कर्टवर, म्हणजे रिंगांखालच्या भागावर, डाव्या अंगाला, पिनच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढी चकाकी. पिस्टन फिरवला. उजव्या अंगाला, पिनच्या खाली, तशीच चकाकी. बाकी सगळीकडे होनिंगनंतरचा मळकट राखाडी रंग. हे तिरपं चिन्ह एकदा ओळखलं की विसरत नाही. पिस्टन बोअरमध्ये सरळ चालत नाही, तिरका होऊन एका बाजूनं वर आणि दुसऱ्या बाजूनं खाली घासतोय. एक तर रॉड वाकलाय, नाही तर दोन्ही भोकं समांतर नाहीत.

मला आत कुठंतरी उत्तर माहीत होतं. तरी मोजलं. दोन्ही भोकांत ग्राइंड केलेले बार घातले, सरफेस प्लेटवर मांडलं, डायल लावला. १५० मिमी लांबीत ०.२५ मिमीचा फरक. पिस्टनला बोअरमध्ये मिळणारी जागाच जेमतेम ०.२ मिमी. रॉड सरळ होता. बोरिंग माझं तिरकं होतं. ट्रॅक्टरवाल्या नातवावर मी मनातल्या मनात संशय घेतला होता, तो चुकीचा होता, आणि हे मी त्याला बोलावून सांगितलं. तो नुसता "असू दे काका" म्हणाला.

व्हाईट मेटल पुन्हा वितळवली. यावेळी गजन पिनच्या भोकात बार बसवून, त्या बारवरच रॉड धरून बोअर केला. समांतरता बघितली, मगच निळी शाई लावून स्क्रेपरनं डाग उतरवले. कॅपखाली पितळी शिम, म्हणजे पातळ पत्रे, घातल्या. पिस्टनवरच्या दोन चकाक्या मी घासून काढल्या नाहीत. त्या तिथंच राहू दिल्या.

दिवाळीच्या आठवडाभर आधी पुन्हा तीच परीक्षा. ४२५ पासून थांबेपर्यंत ७१ सेकंद. मग सुरू केलं. ऑईलरमधून मिनिटाला दहा-बारा थेंब, हौदात पाणी, सुई पाऊण फेरा. ठोका पडला आणि मी श्वास धरून मोजत राहिलो. दोन ठोक्यांमध्ये तीन सेकंद, कधी थोडं वर. खाड्यात एक्झॉस्ट प्रत्येक फेऱ्याला एकदा फुस करतो, म्हणजे सेकंदाला सात. ते एकसारखं, मऊ, झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखं चालतं. मामा भिंतीला टेकून उभे होते. काहीच बोलले नाहीत, फक्त ग्रीसकपाला एक पीळ दिला.

नातवानं आज्जीला फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाली, "व्हय. आता पट्टा जोडा म्हणावं."

रंग द्यायचा नाही असं घरच्यांनी ठरवलं, आणि मला तो निर्णय फार आवडला. गंज थांबवायला उकळलेलं जवसाचं तेल कपड्यानं चोळलंय, बस. मूळ हिरव्या रंगाचे पोपडे हौदाच्या कडेला अजून दिसतात. पडवीच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची रेघ आहे. त्या रेघेच्या वीतभर वर काँक्रीटचा चौथरा बांधलाय. एक्झॉस्टच्या तोंडावर आता डालडाच्या डब्याचं झाकण असतं, आणि बंद करताना फ्लायव्हील हातानं फिरवून दोन्ही व्हॉल्व्ह बसलेत हे बघायचं, असं नातवाच्या अंगवळणी पाडलंय. इंजिन चालू असताना फ्लायव्हीलच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोराबाळांना तर तिकडे फिरकू द्यायचं नाही.

जुन्या पाटीच्या चार भोकांत आम्ही नवी पितळी पाटी बसवली. कंपनीचं नाव घातलं नाही. बोअर, स्ट्रोक, रिंगांचा गॅप, थेंब, सुई, ४२५ फेरे. शेवटच्या ओळीत: रिकामं असताना ठोक्यातलं अंतर ३ सेकंद, याहून कमी झालं तर पिस्टन काढून बघणे.